विश्लेषण : लिव्हरच्या आजारात मटण बंद केले, पण ताटात त्याच्या जागी काय आले?

विदर्भात धुळवड आणि पोळ्याची कर हे मटणाचे हक्काचे दिवस. सकाळपासून दुकानासमोर रांग लागते आणि दुपारी घरोघरी रस्सा उकळतो. मात्र ज्या घरात कोणाला लिव्हरचा आजार निघाला आहे, तिथे ताट वाढताना हात थबकतो. याला द्यायचे की नाही? एक जण म्हणतो, मटण म्हणजे आता विष. दुसरा म्हणतो, दोन तुकड्यांनी काय होते? शेवटी रुग्णाच्या ताटात मऊ भात आणि पाणीदार वरण येते. पथ्य पाळले गेले, असे समाधान सगळ्यांना वाटते.

त्या समाधानाने अनेक रुग्णांचे नुकसान होते. लिव्हर म्हणजे यकृत. त्याच्या आजारात मटण कमी करणे किंवा सोडणे बहुतेकांसाठी योग्यच आहे. पण मटणासोबत डाळ, दूध, अंडी, तेल असे सगळेच ताटातून जाते आणि माणूस अर्धपोटी राहतो. सिरोसिस झालेल्या रुग्णासाठी ही उपासमार दोन तुकड्यांपेक्षा अधिक घातक ठरू शकते. म्हणून ‘मटण चालेल का?’ या प्रश्नाला जोडून ‘त्याच्या जागी काय?’ हा प्रश्नही विचारायला हवा.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या आष्टीसारख्या तालुक्यात हा प्रश्न जास्त टोकदार होतो. १९४२ च्या आंदोलनातील हुतात्म्यांमुळे ‘आष्टी शहीद’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव. इथून यकृताच्या तज्ज्ञाकडे जायचे तर सेवाग्राम, सावंगी, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. तपासणी तिथे होते, औषधही तिथले डॉक्टर लिहून देतात. जेवण मात्र रोज घरीच शिजते आणि त्याचे निर्णय ऐकीव माहितीवर होतात.

लाल मांस म्हणजे नेमके कोणते?

बोकड, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांचे मांस लाल मांसात मोडते. कोंबडी आणि मासे त्यात येत नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आष्टी परिसरात लाल मांस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बोकडाचे मटणच येते.

हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण मोबाइलवर फिरणारी बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतील अभ्यासांवर आधारलेली असते. तिथे लाल मांस म्हणजे प्रामुख्याने गोमांस आणि डुकराचे मांस. शिवाय सॉसेज, बेकन, सलामी असे मीठ व रसायने लावून टिकवलेले प्रक्रियायुक्त मांसही तिथे रोजच्या जेवणात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रियायुक्त मांस ‘कर्करोगकारक’ गटात, तर लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. हा निष्कर्ष मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत होता, यकृताबाबत नव्हता.

रोज दोन वेळा मांस खाणाऱ्या समाजाचे निष्कर्ष आठवड्यातून एकदा मटण खाणाऱ्या घराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी ते निरुपयोगीही नाहीत.

मटणाने यकृत बिघडते का?

निरोगी माणसाने कधीमधी मटण खाल्ल्याने यकृत निकामी होत नाही. पण प्रमाण वाढले की चित्र बदलते. इस्रायलमधील २०१८ च्या एका अभ्यासात लाल आणि प्रक्रियायुक्त मांस जास्त खाणाऱ्यांमध्ये फॅटी लिव्हर आणि इन्सुलिनला शरीर दाद न देण्याची स्थिती अधिक आढळली. जास्त आचेवर, बराच वेळ तळून किंवा भाजून मांस खाणाऱ्यांमध्येही हा संबंध दिसला. हा निरीक्षणावर आधारित अभ्यास आहे. मांसामुळेच आजार झाला, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. हात आवरता घ्यायला मात्र तो पुरेसा आहे.

फॅटी लिव्हर म्हणजे यकृताच्या पेशींमध्ये चरबी साठणे. देशभरातील अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा भारतातील प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास आढळले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

आयुष्यात कधी मटण न खाल्लेल्या माणसांनाही फॅटी लिव्हर होते. पोटाचा घेर, मधुमेह, बैठे काम, दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा, शीतपेये, फरसाण आणि तळलेले पदार्थ हे त्याचे नेहमीचे सोबती. त्यामुळे ‘आम्ही माळकरी, आम्हाला लिव्हरचे काय होणार?’ हा भ्रम सोडावा. मटण बंद करून साखर तशीच ठेवणाऱ्याने अर्धेच पथ्य पाळले.

या टप्प्यावर सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे वजन कमी करणे. वजन ७ ते १० टक्क्यांनी घटले तर यकृतातील चरबी आणि सूज दोन्ही कमी होऊ शकतात. ८० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ साधारण ६ ते ८ किलो. हे वजन हळूहळू उतरवायचे असते, कडक उपवास करून नव्हे.

मटणाचे काय? महिन्यातून दोन-चारदा, मर्यादित तुकडे, चरबी काढून, तर्री बाजूला ठेवून खाल्ले तर फॅटी लिव्हरच्या बहुतेक रुग्णांना ते पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नसते. कर्करोग टाळण्यासाठी जागतिक कर्करोग संशोधन निधीने आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम लाल मांस ही वरची मर्यादा सांगितली आहे. फॅटी लिव्हर असलेल्याने तिच्या बरेच खाली राहणे शहाणपणाचे.

सावजी रश्श्याबद्दलही एक गैरसमज आहे. तिखट आणि मसाल्याने लिव्हर जळते, असे सर्रास म्हटले जाते. तिखटाने पोटात आग होईल, पित्त उसळेल, पण यकृताच्या दृष्टीने रश्श्यातली अडचण म्हणजे वर तरंगणारे तेल आणि आतले मीठ.

सिरोसिसमध्ये गणित का बदलते?

यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की त्यात व्रण तयार होतात आणि ते आक्रसून कडक होते. हा सिरोसिस. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, फॅटी लिव्हर ही त्याची प्रमुख कारणे. इथून पुढे खाण्याचे नियम फॅटी लिव्हरपेक्षा वेगळे होतात, आणि घरोघरी सर्वात मोठी चूक इथेच होते.

प्रथिने पचताना अमोनिया तयार होतो. त्यातला बराचसा आतड्यातल्या जिवाणूंमुळे होतो. निरोगी यकृत या अमोनियाचे युरियात रूपांतर करते आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. सिरोसिसमध्ये हे काम अडते. रक्तातला अमोनिया वाढतो आणि मेंदूवर परिणाम होतो. रुग्ण रात्री जागा राहतो आणि दिवसा झोपतो. बोलण्यात गोंधळतो, सही बिघडते, पुढे केलेले हात फडफडतात. पुढे तो बेशुद्धही पडू शकतो. डॉक्टर याला हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात.

यावरून सरळ निष्कर्ष निघाला होता. प्रथिनांमुळे अमोनिया होतो, तर प्रथिने बंद करा. अनेक दशके डॉक्टरही हाच सल्ला देत होते. गावातला ‘डाळ नको, दूध नको, फक्त भात’ हा सल्ला त्याच जुन्या वैद्यकीय सल्ल्याचा अवशेष आहे.

पण या हिशेबात स्नायू सुटले होते. यकृत थकले की अमोनिया हटवण्याचे बरेच काम स्नायू करतात. प्रथिने बंद केली की शरीर स्वतःचेच स्नायू तोडून गरज भागवते. स्नायू घटले की अमोनिया हटवणारी ही दुसरी यंत्रणाही दुबळी होते. म्हणजे अमोनियाच्या भीतीने डाळ बंद केली आणि त्यामुळेच अमोनियाशी लढण्याची ताकद गेली.

दंड आणि मांड्या बारीक होत जातात, चालताना तोल जातो, साध्या जंतुसंसर्गातून उठणे जड होते. पोटात पाणी झालेल्या रुग्णात हे दिसतही नाही. काट्यावर वजन तेवढेच भरते, कारण गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. पोट मोठे आणि दंड काडीसारखे, असा रुग्ण दिसला तर त्याला पथ्याची नव्हे, पोषणाची गरज आहे असे समजावे.

मग प्रथिने किती हवीत?

२००४ मध्ये बार्सिलोनातील डॉक्टरांनी एन्सेफॅलोपथीमुळे दाखल झालेल्या रुग्णांवर तुलनात्मक प्रयोग केला. काहींची प्रथिने कमी केली, काहींना नेहमीइतकी दिली. प्रथिने कमी केल्याचा काहीही फायदा दिसला नाही. उलट त्या रुग्णांच्या शरीरातली प्रथिने अधिक तुटली.

युरोपीय यकृत अभ्यास संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हणूनच सिरोसिसच्या रुग्णाला रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि किमान ३५ किलोकॅलरी द्याव्यात, असे म्हटले आहे. एन्सेफॅलोपथी असली तरी प्रथिने तोडू नयेत, असेही त्यात स्पष्ट आहे. ६० किलोच्या माणसासाठी हे दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम होते. हे वजन पोटातले आणि पायावरचे पाणी वगळून धरायचे असते. लठ्ठ रुग्णांसाठी कॅलरीचा हिशेब वेगळा होतो. मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर आकडे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

डाळ की मटण?

प्रथिने हवीत हे ठरले, तर ती मटणातून का घेऊ नयेत? याचे उत्तर शोधणारा एक छोटा प्रयोग अमेरिकेतील रिचमंड येथे झाला. तो मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिरोसिस असलेल्या आणि नेहमी मांस खाणाऱ्या ३० रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाला मांसाचे, दुसऱ्याला मांसासारखे दिसणाऱ्या वनस्पतीजन्य पदार्थाचे आणि तिसऱ्याला शेंगवर्गीय धान्याचे बर्गर दिले. प्रत्येकात प्रथिने २० ग्रॅमच होती. नंतर रक्त तपासले, तेव्हा मांस खाल्लेल्या गटात अमोनिया वाढला. इतर दोन गटांत तशी वाढ दिसली नाही.

रुग्ण फक्त ३० होते आणि प्रयोग एकाच जेवणाचा होता, त्यामुळे त्याला अंतिम शब्द मानता येत नाही. पण डाळी-कडधान्यांतला तंतू पोट साफ ठेवतो आणि अमोनिया शोषला जाण्याआधी बाहेर काढायला मदत करतो, हे आधीपासून माहीत आहे. बद्धकोष्ठता झाली की अशा रुग्णाचा गोंधळ वाढतो तो याचमुळे.

भारतातला पुरावा अधिक जवळचा आहे. नवी दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी सिरोसिस आणि सुरुवातीची, वरून न दिसणारी एन्सेफॅलोपथी असलेल्या १२० रुग्णांवर सहा महिने प्रयोग केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम वनस्पतीजन्य प्रथिने आणि ३० ते ३५ किलोकॅलरी असा आखीव आहार दिला. उरलेल्यांनी नेहमीचे जेवण चालू ठेवले. आखीव आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांची ती अवस्था दूर झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.

म्हणजे जे काम झाले ते मुख्यतः पुरेशा डाळी-दुधाने आणि पोटभर जेवणाने. सिरोसिसच्या रुग्णाने मटण कमी करून डाळीकडे वळावे याला आधार आहे. मटण कमी करून नुसत्या भातावर राहावे याला नाही.

आष्टीच्या ताटात ७२ ग्रॅम बसतात का?

आधी प्रचलित पथ्याचा हिशेब करू. दोन वेळचा मऊ भात (१०० ग्रॅम तांदूळ), पातळ वरण (२० ग्रॅम डाळ), उकडलेली दुधी किंवा बटाटा, चहा-बिस्किटे आणि उसाचा रस. यातून दिवसभरात जेमतेम १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी.

आता हे दुसरे ताट पाहा. आकडे ढोबळ आहेत आणि ६० किलोच्या माणसासाठी आहेत.

• ज्वारीच्या दोन भाकरी (१२० ग्रॅम पीठ) : १२ ग्रॅम
• तुरीचे घट्ट वरण, दोन्ही वेळा मिळून (६० ग्रॅम डाळ) : १३ ग्रॅम
• सोयाबीनच्या वड्या (कोरड्या २५ ग्रॅम) : १३ ग्रॅम
• दूध, दोन वेळा मिळून अर्धा लिटर : १६ ग्रॅम
• बिनमिठाचे फुटाणे (३० ग्रॅम) : ६ ग्रॅम
• शेंगदाणे-जवसाची चटणी (२० ग्रॅम) : ४ ग्रॅम
• भात (५० ग्रॅम तांदूळ) : ४ ग्रॅम
• दही, एक वाटी : ३ ग्रॅम
• भाज्या : ३ ग्रॅम

बेरीज होते ७४ ग्रॅम. यात मटण नाही आणि अंडेही नाही. दोन अंडी खाणाऱ्याच्या खात्यात आणखी १२ ग्रॅम जमा होतात. मोसमात तुरीचे सोले, बरबटी, मूग, वाटाणा यांनी चव बदलता येते. एवढे एकदम खाणे रुग्णाला जमत नाही, म्हणून ते पाच-सहा वेळांत वाटून द्यायचे. मधुमेह असेल तर भात आणि दूध कधी व किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या विचारांचा प्रभाव असलेल्या या पट्ट्यात मांसाला न शिवणारी कुटुंबे अनेक आहेत. डॉक्टरांनी ‘प्रथिने वाढवा’ म्हटले की त्यांच्यापुढे पेच पडतो. माळ उतरवायची की औषधाच्या दुकानातला महागडा पावडरचा डबा आणायचा? वरचे ताट सांगते की बहुतेकांना दोन्हीची गरज नाही. आणि ज्या घरात मटण शिजते, तिथेही एक किलो मटणाच्या पैशात साधारण चार-पाच किलो तूरडाळ येते.

उपवासाचे काय?

सिरोसिसच्या रुग्णाचे यकृत साखरेचा साठा फारसा करू शकत नाही. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत उपाशी राहिले तर त्याच्या शरीरात जे होते, ते निरोगी माणसात दोन-तीन दिवसांच्या उपाशीपोटी होते. स्नायू तुटू लागतात.

म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खाणे हा या आजारातला सर्वात स्वस्त उपचार आहे. दूध आणि अर्धी भाकर, दूध-पोहे, मूठभर फुटाणे आणि केळ यांपैकी काहीही चालेल. दिवसाही तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको.

सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस असे उपवास या रुग्णांनी टाळावेत. ‘साबुदाणा खातो ना’ हे उत्तर पुरत नाही, कारण साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. श्रावणात मटण सोडले तर बिघडत नाही. जेवण सोडले तर बिघडते.

मिठाकडे लक्ष कोणाचे?

पोटात पाणी किंवा पायावर सूज असेल तर मटणापेक्षा मिठाचा प्रश्न मोठा असतो. अशा रुग्णाला दिवसभरात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा मीठ पुरे, असे सांगितले जाते. त्यात स्वयंपाकातले मीठही आले. मटण काटेकोरपणे बंद करणाऱ्या घरात लोणचे, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे आणि चिवडा बिनदिक्कत चालू असतो. हा विरोधाभास आधी सोडवावा. मात्र मीठ इतकेही तोडू नये की जेवणच घशाखाली उतरणार नाही. लिंबू, कोथिंबीर, जिरे, आले, लसूण वापरायला हरकत नाही.

खापर मटणावर, ग्लास मोकळा

वर्धा जिल्ह्यात जवळपास पाच दशकांपासून दारूबंदी आहे. महात्मा गांधी आणि विनोबा भावे यांच्या वास्तव्यामुळे या जिल्ह्याला ती ओळख मिळाली. पण गावठी आणि चोरटी दारू जिल्ह्यात मिळतच नाही, असे कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

बंदीचा एक परिणाम रुग्णालयाच्या खोलीत दिसतो. मेजवानीत मटणाचे ताट आणि दारूचा ग्लास शेजारी शेजारी असतात. चार दिवसांनी डोळे पिवळे झाले की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘मटण बाधले.’ मटणाचे नाव घ्यायला लाज वाटत नाही. दारूचे घ्यायला वाटते, आणि बंदीच्या जिल्ह्यात तर भीतीही वाटते. मग डॉक्टरांनी विचारले तरी ‘कधीतरी, थोडी’ एवढेच उत्तर मिळते.

डॉक्टरांना दिलेली माहिती म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. ती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. किती आणि किती वर्षे पिणे झाले, यावर उपचार ठरतो. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर थरथर, झटके, भ्रम होऊ शकतात आणि त्यासाठी वेगळी औषधे लागतात, म्हणूनही खरे सांगणे गरजेचे. दारूमुळे बिघडलेल्या यकृतासाठी दारू पूर्ण सोडण्याइतका मोठा उपाय दुसरा नाही. मटण सोडले आणि ग्लास ठेवला, तर पथ्याचा उपयोग नाही.

याची दुसरी बाजूही आहे. लिव्हरचा आजार म्हटला की ‘पीत असेल’ हा शिक्का सरसकट बसतो. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेली बाई, फॅटी लिव्हरमधून सिरोसिसपर्यंत पोहोचलेले निर्व्यसनी शिक्षक, यांना तो अन्यायकारक आहे. हिपॅटायटिस बी आणि सीच्या मोफत तपासणी व उपचारासाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. शिक्क्याच्या भीतीने तपासणी टळू नये.

मटणाचे उत्तर कोणासाठी काय?

• फॅटी लिव्हर : कधीतरी आणि थोडे. साखर, तळण आणि वजन यांकडे आधी लक्ष.
• हिपॅटायटिस बी किंवा सी, पण सिरोसिस नाही : मटणावर खास बंदी नाही. समतोल जेवण, दारू पूर्ण बंद.
• सिरोसिस, पण पाणी किंवा गोंधळ नाही : डाळ-दूध-अंडी मुख्य. मटण कधीतरी, कमी तेल-मिठाचे, नीट शिजवलेले.
• सिरोसिससह पोटात पाणी : मीठ मोजून. मसालेदार, खारट रस्सा टाळावा. प्रथिने चालूच.
• एन्सेफॅलोपथी होऊन गेलेली : लाल मांस टाळणे बरे. त्याच्या जागी डाळ, कडधान्य, दूध, दही. पोट रोज साफ.
• विल्सन आजार : यात शरीरात तांबे साठते. कलेजीत तांबे भरपूर असल्याने ती वर्ज्य.
• शरीरात लोह साठण्याचा आजार : लाल मांस आणि कलेजी मर्यादित, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

दूषित पाण्यातून होणाऱ्या साध्या काविळीत मटणाला बंदी घालण्याचे वैद्यकीय कारण नाही. भूक नसते म्हणून हलके खावे, इतकेच. हळद पिवळी म्हणून ती बंद करण्यालाही अर्थ नाही. रस्त्यावरच्या उसाच्या रसात मात्र बर्फ आणि पाणी कुठले, हे पाहायला हवे, कारण हा आजार पाण्यातूनच येतो. झाडपाल्याच्या औषधांपासूनही सांभाळून राहावे. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही आधीच आजारी असलेल्या यकृतावर डॉक्टरांना न सांगता असे प्रयोग करू नयेत, हे तारतम्य दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

डिस्चार्ज कार्डावर चार ओळी हव्यात

इतकी माहिती प्रत्येक घराने स्वतः शोधावी, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. रुग्ण घरी जाताना कार्डावर औषधांची नावे मात्रेसह लिहिलेली असतात. आहाराच्या रकान्यात मात्र अनेकदा ‘पथ्य पाळावे’ किंवा ‘हलका आहार’ एवढेच असते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगायची आणि जेवण ‘हलके’ म्हणून सोडून द्यायचे, हे बरोबर नाही. ‘हलका आहार’ या दोन शब्दांतूनच घरी मऊ भात आणि पाणीदार वरण शिजते.

कार्डावर मराठीत चार ओळी पुरतील. आजार कोणत्या टप्प्यावर आहे. रोज प्रथिने किती ग्रॅम, म्हणजे डाळ किती वाट्या आणि दूध किती. मीठ किती. झोपण्यापूर्वी काय खायचे. मटणाबद्दलही हो, नाही की कधीतरी, हे स्पष्ट लिहावे. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात फॅटी लिव्हर आलेच आहे, तर घरोघरी जाणाऱ्या आशा स्वयंसेविकांच्या हातीही वाटी-चमच्याच्या मापातला असा साधा तक्ता द्यायला हवा. त्याला मोठा खर्च नाही.

ते होईपर्यंत रुग्णाच्या घरच्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. ‘मटण चालेल का?’ हा पहिला. ‘यांच्या वजनाला रोज डाळ आणि दूध किती द्यायचे?’ हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर लिहून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नये. पुढच्या धुळवडीला त्या ताटात मटणाचे तुकडे नसतील तर नसू देत. घट्ट वरणाच्या दोन वाट्या, भाकर आणि झोपण्यापूर्वीचा दुधाचा ग्लास मात्र चुकता कामा नये.